राजाला कैद करणारा अर्ल: सायमन डी माँटफर्टच्या पावणेपंधरा महिन्यांचा अभ्यास

१४ मे १२६४ रोजी दक्षिण इंग्लंडमधील ल्यूइस गावाबाहेर एका सरदाराने आपल्याच राजाचा पराभव केला. राजा तिसरा हेन्री हाती आला, त्याचा धाकटा भाऊ रिचर्ड पवनचक्कीत लपलेला सापडला आणि युवराज एडवर्ड तहात ओलीस म्हणून आला. सरदाराचे नाव सायमन डी माँटफर्ट, लेस्टरचा अर्ल, म्हणजे तिथला वरच्या दर्जाचा जहागीरदार. नात्याने तो राजाचा मेहुणा, राजाची सख्खी बहीण एलिनॉर त्याला दिलेली. त्या दिवसापासून राजाची मोहर सायमनच्या हुकमाने उठू लागली. ४ ऑगस्ट १२६५ रोजी इव्हशॅमला त्याचे मुंडके, हात आणि पाय धडावेगळे केले गेले. मधे गेले पावणेपंधरा महिने.

राजा, राजपुत्र, राजधानी आणि तिजोरी ताब्यात असलेला माणूस इतक्या लवकर कसा कोसळतो? एडवर्ड निसटला आणि ग्लॉस्टरचा अर्ल फितूर झाला, असे सहसा सांगितले जाते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण सायमनची सगळी कारकीर्द पुढे ठेवली की कारण त्याच्याही मागे जाते. राज्यकारभार सुधारण्याची जी शपथ बाकीच्या सरदारांनी राजकीय करार म्हणून घेतली, ती सायमनने धर्मयुद्धाच्या व्रतासारखी पाळली. त्याला सैन्य मिळाले ते यामुळेच, आणि सोबती गेले तेही यामुळेच.

क्रुसेडचे घराणे

त्याचा बापही सायमनच. पॅरिसजवळच्या माँफोर-लामोरीचा हा सरदार चौथ्या धर्मयुद्धात निघाला होता. वाटेत १२०२ मध्ये धर्मयोद्ध्यांचा मोर्चा झारा या ख्रिस्ती शहरावरच वळला, तेव्हा 'मी ख्रिस्त्यांवर शस्त्र चालवायला आलेलो नाही' अशी भूमिका घेऊन तो सैन्यातून बाहेर पडला. तोच माणूस १२०९ मध्ये दक्षिण फ्रान्समधील, चर्चने पाखंडी ठरवलेल्या कॅथर पंथीयांविरुद्धच्या धर्मयुद्धाचा सेनापती झाला. ब्राम इथे त्याने शंभरेक कैद्यांचे डोळे काढले, नाके कापली आणि बाकीच्यांना वाट दाखवायला एकाचा एकच डोळा शाबूत ठेवला. २५ जून १२१८ रोजी तुलूजच्या वेढ्यात तटावरून आलेला दगड डोक्यात बसून तो मेला. ते यंत्र शहरातल्या बायका चालवत होत्या असे सांगतात. झाराहून परतलेला आणि ब्रामला डोळे काढणारा माणूस एकच, हे पचवणे अवघड जाते. पण त्याच्या दृष्टीने दोन्ही ठिकाणी तो व्रतच पाळत होता.

धाकटा सायमन तेव्हा दहाएक वर्षांचा असेल. आजी अमिसिया लेस्टरच्या अर्लची बहीण, त्या नात्याने इंग्लंडमधल्या जहागिरीवर हक्क सांगायला तो १२३० च्या सुमारास समुद्र ओलांडून आला. जमीन हाती आल्याबरोबर, 'माझ्या आत्म्याच्या कल्याणासाठी' असे सनदेत लिहून, त्याने लेस्टरमधून ज्यूंना कायमचे हाकलले. पुढे लोकहिताचा कैवारी म्हणून ज्याचे नाव झाले त्याचे हे पहिले सार्वजनिक काम. हे बाजूला ठेवून त्याचे मूल्यमापन करता येत नाही.

१२३८ च्या जानेवारीत त्याचे एलिनॉरशी लग्न झाले. ती विधवा होती आणि तिने ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेले होते, त्यामुळे गवगवा झाला. राजाच्या भावाने तर शस्त्रच उचलले होते. पुढल्याच वर्षी राजाशी बिनसले. सायमनने न विचारता राजाचे नाव कर्जाला जामीन म्हणून टाकले होते. १२४० मध्ये तो पवित्र भूमीकडे गेला. तिथे त्याने मोठी लढाई मारली नाही, पण जेरुसलेमच्या राज्यातल्या सरदारांवर त्याची छाप पडली. सम्राट फ्रेडरिक दुसरा याला १२४१ मध्ये त्यांनी पत्र लिहिले, की आमच्यावर कारभारी नेमायचा तर सायमनला नेमा.

सम्राटाने नेमले नाही. पण परक्या मुलखातले सरदार आपल्याला मागून घेतात हा अनुभव गाठीशी घेऊन तो परतला, आणि हेन्रीसारख्या ढिल्या राजाच्या दरबारात पुन्हा उभा राहिला. १२४२ मध्ये फ्रान्समधल्या फसलेल्या मोहिमेत त्याने हेन्रीला तोंडावर सांगितले, की तुम्हाला कोंडून ठेवायला हवे. हेन्री ते कधी विसरला नाही. १२५८ च्या उन्हाळ्यात टेम्सवर वादळात सापडून राजाला एका वाड्याचा आसरा घ्यावा लागला. सायमन सामोरा आला आणि म्हणाला, आता भ्यायचे कारण नाही. राजाने उत्तर दिले: मेघगर्जनेला मी फार भितो, पण देवाशपथ, जगातल्या साऱ्या गडगडाटापेक्षा तुला जास्त भितो.

ऑक्सफर्डची शपथ

१२५८ चे संकट राजाने स्वतः ओढवून घेतले होते. धाकट्या मुलाला सिसिलीचे राज्य मिळावे म्हणून त्याने पोपचे १,३५,५४१ मार्कांचे (एक मार्क म्हणजे पौंडाचे दोन तृतीयांश) देणे अंगावर घेतले. ते फेडायची ऐपत नव्हती. त्यात पिके बुडाली, लोक उपासमारीने मरत होते, आणि दरबारात राजाच्या परदेशी सावत्र भावांची चलती होती. १२ एप्रिलला सात सरदारांनी एकमेकांना साथ द्यायची शपथ घेतली. त्यात सायमन होता, पण पुढारी नव्हता. महिनाअखेरीस सरदार चिलखत चढवून वेस्टमिन्स्टरच्या दिवाणखान्यात गेले, तलवारी मात्र दाराशी ठेवल्या. राजाने विचारले, मी तुमचा कैदी आहे का?

जूनमध्ये ऑक्सफर्डला जे ठरले त्याला तरतुदी म्हणतात. पंधरा जणांचे मंडळ राजाला सल्ला देणार, वर्षातून तीनदा पार्लमेंट भरणार. प्रत्येक परगण्यात चार नाइट, म्हणजे जमीन बाळगणारे घोडेस्वार योद्धे, फिरून लोकांच्या तक्रारी लिहून घेणार, हे कलम मला सगळ्यात मोलाचे वाटते. शेरीफने, म्हणजे परगण्यातल्या राजाच्या अधिकाऱ्याने, लुबाडलेल्या, सरदाराच्या कारकुनाने नाडलेल्या साध्या माणसाचे म्हणणे कुणीतरी कागदावर घेणार होते. ऑक्टोबरात जाहीरनामा निघाला तो लॅटिन आणि फ्रेंचबरोबर इंग्रजीतही, म्हणजे शेतावरच्या माणसाला वाचून दाखवला की समजेल असा.

इथे बाकीचे सरदार आणि सायमन यांच्यातला फरक दिसू लागतो. तक्रारींची चौकशी राजाच्या अधिकाऱ्यांपुरती होती तोवर सगळे खूश होते. ती सरदारांच्या स्वतःच्या जहागिरींपर्यंत आली तसा त्यांचा उत्साह कमी झाला. सायमनने मात्र १ जानेवारी १२५९ रोजी मृत्युपत्र केले. ते त्याच्या थोरल्या मुलाच्या, हेन्रीच्या, हस्ताक्षरात फ्रेंचमध्ये आहे. त्यात आपल्या जमिनीवरच्या गरीब लोकांवर झालेल्या अन्यायाची भरपाई करण्याची काळजी तो पुन्हा पुन्हा बोलून दाखवतो. प्रायश्चित्त म्हणून अंगात केसाळ जाडाभरडा सदरा घालून झोपणारा, बिशप ग्रोसटेस्टसारख्या कडक धर्मगुरूचा स्नेही असलेला हा माणूस. मृत्युपत्रातला स्वर मला खरा वाटतो.

आणि तरीही त्याच वर्षी फ्रान्सशी होणारा तह त्याने महिनोन्‌महिने अडवून धरला. कारण एलिनॉरच्या पहिल्या नवऱ्याकडून मिळायचा हिस्सा वर्षाला अवघ्या ४०० पौंडांवर बांधला गेला होता आणि तो वाढवून घ्यायचा होता. घरचे देणे आणि देशाची सुधारणा एकाच पोतडीत घालायची ही खोड शेवटपर्यंत गेली नाही. त्याच्या शत्रूंनी नेमके तेच धरून ठेवले.

१२६१ मध्ये पोपने राजाला शपथेतून मोकळे केले आणि सरदार एकेक करून राजाला जाऊन मिळाले. सायमनने नमते घेतले नाही. शपथ मोडून सत्यापासून ढळण्यापेक्षा भूमिहीन होऊन मरेन, असे म्हणून तो फ्रान्सला निघून गेला. १२६३ च्या एप्रिलमध्ये नाराज तरुण सरदारांनी बोलावले तेव्हा परतला, आणि आता पुढारी तोच होता. २३ जानेवारी १२६४ रोजी लवाद म्हणून फ्रान्सचा लुई नववा याने सगळा निकाल हेन्रीच्या बाजूने दिला, तेव्हा पुन्हा गळती लागली. त्या गळतीच्या काळातले त्याचे उद्गार एका बखरकाराने नोंदवले आहेत: मूर्तिपूजकांच्या आणि ख्रिस्त्यांच्या पुष्कळ देशांत फिरलो, पण इंग्लंडइतकी बेइमानी कुठे पाहिली नाही, सगळे सोडून गेले तरी मी माझ्या चार मुलांसह उभा राहीन.

पांढरे क्रूस

ल्यूइसच्या लढाईआधी वूस्टरचा वयोवृद्ध बिशप वॉल्टर कँटिलूप याने बंडखोरांना पापमुक्ती दिली आणि सगळ्यांनी छातीवर आणि पाठीवर पांढरे क्रूस लावले. हा पवित्र भूमीकडे निघणाऱ्यांचा विधी होता. तो इथे आपल्याच राजाविरुद्ध वापरला गेला.

लष्करी दृष्ट्या लढाई सायमनने अप्रतिम लढवली. रात्रीच हालचाल करून पहाटे तो गावावरच्या टेकडीवर पोचला, राजाचे सैन्य खाली बेसावध. हिवाळ्यात घोड्यावरून पडून त्याचा पाय मोडला होता आणि तो गाडीतून फिरे, हे सगळ्यांना ठाऊक होते. ती गाडी त्याने निशाण लावून टेकडीवर ठेवली, आत विरोधी पक्षाचे काही लंडनकर कैदी कोंडले, आणि स्वतः घोड्यावर राहिला. एडवर्डने सुरुवातीलाच लंडनच्या अननुभवी शिपायांची फळी फोडली आणि त्यांचा पाठलाग करत तो मैलोन्‌मैल दूर गेला. परत येताना त्याच्या लोकांनी गाडीवर हल्ला करून आतल्यांना मारले. ती त्यांचीच माणसे निघाली. तोवर खाली बापाचे सैन्य संपले होते.

थोडे सैन्य मोठ्या सैन्यावर जिंकले, म्हणजे देवाने कौल दिला, असा अर्थ सायमनच्या लोकांनी लावला. देवाचा कौल मिळाला अशी खात्री झालेल्या माणसाशी वाटाघाटी करणे फार कठीण असते.

या खात्रीची दुसरी बाजू लढाईच्या महिनाभर आधी लंडनने पाहिली होती. सायमनच्या पक्षातल्या लोकांनी तिथल्या ज्यू वस्तीवर हल्ला करून शेकडो माणसे मारली. पुढाकार घेणारा जॉन फिट्झजॉन हा सायमनचा निकटचा साथीदार होता. लुटीतला वाटा सायमनने घेतला. लहान जमीनदार ज्यू सावकारांच्या कर्जात बुडालेले होते, आणि कर्जरोख्यांच्या पेट्या फोडणे हा त्यांना आपल्याकडे ओढण्याचा सोपा मार्ग होता. याला काळाचा दोष म्हणून सोडून देणे मला पटत नाही. तक्रार ऐकून घेणारी चौकशी आणि ही कत्तल एकाच पक्षाच्या हातून झाली.

सत्ता आणि एकटेपणा

विजयानंतर तीन निवडणाऱ्यांची व्यवस्था झाली: सायमन, ग्लॉस्टरचा तरुण अर्ल गिल्बर्ट डी क्लेअर आणि चिचेस्टरचा बिशप. त्यांनी नऊ जणांचे मंडळ नेमायचे आणि मंडळाने राजाच्या नावे कारभार करायचा. कागदावर ही रचना चांगली होती. प्रत्यक्षात सगळे दोर सायमनच्या हाती राहिले.

पोपच्या प्रतिनिधीने ऑक्टोबरात बंडखोरांना धर्मबहिष्कृत केले. काही महिन्यांत हाच प्रतिनिधी चौथा क्लेमंट या नावाने पोप झाला, त्यामुळे रोमकडून दिलाशाची आशा संपली. धर्माच्या नावाने लढणाऱ्याला धर्मपीठच शत्रू झाले.

१४ डिसेंबर १२६४ रोजी ज्या पार्लमेंटची बोलावणी निघाली आणि जे २० जानेवारी १२६५ ला भरले, त्यावर सायमनची आजची कीर्ती उभी आहे. प्रत्येक परगण्यातून दोन नाइट आणि निवडक शहरांतून दोन-दोन नागरिक बोलावले गेले. नाइटांना आधीही बोलावत असत. शहरांना अशा सर्वसाधारण सभेत बोलावणे नवे होते. मात्र त्याच यादीत अर्ल आणि बॅरन मिळून अवघे तेवीस आहेत, तर चर्चची माणसे शंभराच्या वर. मोठे सरदार पाठीशी उरलेच नव्हते म्हणून सायमनने नाइटांकडे, शहरांकडे आणि मठांकडे पाहिले. यामुळे त्या पार्लमेंटचे मोल कमी होते असे नाही. गरजेपोटी केलेली गोष्टही टिकू शकते, आणि ही टिकली.

त्याच बैठकीच्या काळात त्याने डर्बीच्या अर्लला कैदेत टाकले. एडवर्डचे चेस्टर परगण्यासारखे मोठे मुलूख स्वतःकडे घेतले. मुले तर बेफाम सुटली होती. थोरल्या हेन्रीने लोकर व्यापार असा ताब्यात घेतला की त्याला 'लोकर व्यापारी' म्हणून हिणवू लागले. गिल्बर्ट डी क्लेअरला किल्ल्यांत आणि कैद्यांच्या खंडणीत वाटा हवा होता. तो अवघा एकवीस वर्षांचा होता, मोठा मुलूख आणि मोठी फौज बाळगून होता. त्याला सोबत ठेवणे ही सायमनची पहिली गरज होती. ल्यूइसला त्याने बरोबरीने लढाई मारली आणि बदल्यात पाहिले की सगळे माँटफर्टच्या घरात जाते आहे. राज्यातून परदेशी काढायचे म्हणून बंड झाले, आणि किल्ल्यांत सायमनचे परदेशी नाइट बसले, ही त्याची तक्रार होती. ती मत्सरातून आलेली असेल, पण खोटी नव्हती. फेब्रुवारीत तो पश्चिमेकडे आपल्या मुलखात निघून गेला.

सायमन एडवर्डला आणि राजाला घेऊन त्याच्या मागे हेरफर्डला गेला. २८ मे रोजी एडवर्ड घोडे तपासायच्या निमित्ताने गावाबाहेर पडला. एकेका घोड्यावर बसून त्याने ते दमवले, शेवटच्या ताज्या घोड्यावर मांड टाकली आणि पहारेकऱ्यांना मागे टाकून दौडत गेला. सोबत्यांत गिल्बर्टचा भाऊ होता, त्याला हे माहीत होते. काही दिवसांतच एडवर्ड आणि गिल्बर्ट एक झाले. जुने चांगले कायदे पाळीन, परदेशी काढीन, असे वचन एडवर्डने गिल्बर्टला दिले. बंडाच्या मागण्या युवराजाने उचलल्या. त्यासाठी त्याला पांढऱ्या क्रूसाची गरज पडली नाही.

इव्हशॅम

एडवर्डने सेव्हर्न नदीवरचे पूल ताब्यात घेतले आणि सायमन पश्चिम किनाऱ्यावर अडकला. त्याने वेल्सचा राजपुत्र लुएलिन याच्याशी तह करून पायदळ मिळवले, पण त्यासाठी राजाच्या नावे जे मान्य केले त्याने इंग्लिश सीमेवरचे सरदार आणखी बिथरले. दुसरा मुलगा सायमन कुमक घेऊन केनिलवर्थला घरच्या किल्ल्यापाशी आला, किल्ल्याबाहेर गावात झोपला, आणि एडवर्डने रात्रीतून येऊन त्याचे सैन्य अंथरुणातच पकडले. निशाणेही हाती लागली.

४ ऑगस्टच्या सकाळी सायमन इव्हशॅमला होता. तिथे एव्हन नदी गावाला तीन बाजूंनी वळसा घालते, मोकळी बाजू उत्तरेची टेकडी. निकोलस नावाचा त्याचा न्हावी निशाणे ओळखण्यात पटाईत होता, तो मठाच्या मनोऱ्यावर चढला. आधी त्याला मुलाची निशाणे दिसली आणि आनंद झाला. मग निशाणांमागची माणसे कळली. दक्षिणेचा पूल एडवर्डच्या बाजूचा सरदार रॉजर मॉर्टिमर याने बंद केला होता. शत्रू शिस्तीने येताना पाहून सायमन म्हणाला, की छान येताहेत, पण हे ते माझ्याकडूनच शिकलेत. आणि पुढे: देव आपल्या आत्म्यांवर दया करो, शरीरे आता त्यांची झाली.

त्या दिवशी एडवर्डच्या सैन्याने लाल क्रूस लावले होते. दोन्ही बाजू आता धर्माच्याच नावाने उतरल्या होत्या, आणि धर्मशत्रूला जिवंत धरून खंडणी घेत नाहीत. इंग्लंडमध्ये उमराव लढाईत हरले तर पकडले जात, पैसे भरून सुटत. इव्हशॅमला हा रिवाज मोडला. सायमनला गाठून मारायला आधीच बारा जणांची तुकडी निवडली होती. त्याच्याबरोबर त्याचा थोरला मुलगा आणि तीसहून अधिक नाइट पडले. दुसऱ्याचे चिलखत घातलेला राजा हेन्री सायमनच्याच गोटात होता. खांद्याला जखम झाली तेव्हा तो ओरडला, मी विंचेस्टरचा हेन्री, तुमचा राजा, मला मारू नका. सायमनचे मुंडके मॉर्टिमरच्या बायकोकडे विगमोरला पाठवले गेले.

लोकांनी काय ठेवले

लढाईनंतर काही दिवसांतच लेस्टरशरमधील पीटलिंग मॅग्ना या खेड्यातून राजाच्या एका सरदाराची माणसे गाडी घेऊन चालली होती. गावकऱ्यांनी ती अडवली. कोर्टाच्या कागदांत त्यांचे म्हणणे आहे: हे लोक राज्यातल्या समुदायाच्या हिताविरुद्ध आणि बॅरनांविरुद्ध आहेत. गावाला दंड म्हणून वीस मार्क कबूल करावे लागले आणि ओलीस द्यावे लागले. राज्याचा समुदाय, हे शब्द नांगर धरणाऱ्यांच्या तोंडी आले होते. सात वर्षांपूर्वी गावोगाव वाचलेला जाहीरनामा आणि तक्रारी लिहून घेणारे नाइट यांच्यामुळे ते आले असावेत, असे मला वाटते.

इव्हशॅमच्या मठातली कबर लगेच तीर्थ झाली. सुमारे दोनशे चमत्कारांची नोंद आहे, आजारी माणसांचे बरे होणे वगैरे. बंडखोरांशी समेटाच्या अटी ठरवणाऱ्या ३१ ऑक्टोबर १२६६ च्या केनिलवर्थच्या निवाड्यात सायमनला संत म्हणायला आणि चमत्कारांची चर्चा करायला मनाई करणारे कलम घालावे लागले.

पण त्या निवाड्यातले खरे कलम जमिनींचे होते. विजयी पक्षाने आधी बंडखोरांच्या जमिनी सरसकट जप्त केल्या, म्हणून उरलेले बंडखोर केनिलवर्थच्या किल्ल्यात आणि दलदलीच्या मुलखात झुंजत राहिले. पोपचा नवा प्रतिनिधी ओटोबुओनो याने तोड काढली. जप्तीऐवजी किंमत भरून जमीन सोडवायची: प्रत्यक्ष लढलेल्यांनी वार्षिक उत्पन्नाच्या पाचपट, एका-दोघा मोठ्यांनी सातपट, थोडे गुंतलेल्यांनी त्याहून कमी. अडचण अशी, की जमीनच हातात नाही तर पाचपट रक्कम आणायची कुठून? हा प्रश्न उचलला गिल्बर्ट डी क्लेअरने, ज्याने सायमनला सोडले होते त्यानेच. १२६७ च्या एप्रिलमध्ये त्याने सैन्यासह लंडन ताब्यात घेतले, आणि या वेळी कुणी क्रूस लावले नाहीत, पापमुक्ती घेतली नाही. दोन महिने बोलणी चालली. जूनमध्ये राजाने मान्य केले, की जमिनीचा ताबा आधी मिळेल आणि रक्कम नंतर उत्पन्नातून फेडायची. त्या नोव्हेंबरात मार्लबरोला जो कायदा झाला त्यात, ऑक्सफर्डनंतर १२५९ मध्ये वेस्टमिन्स्टरला ठरलेल्या सुधारणांचा मोठा भाग राजाच्या संमतीने पुन्हा आला.